सायबरपंक खेळणाऱ्यांनी काय वाचावं? बेळगावकडच्या टेबलासाठी गोष्टी हुडकायलोय

तिसरं_गेट

नमस्कार मंडळी. आम्ही पाचजण टिळकवाडीत दर रविवारी दुपारचं जेवण झालं की 'सायबरपंक रेड' खेळायला बसतोय, म्हणजे कंपन्यांच्या राज्यातल्या भविष्यात घडणारा, फासे टाकून आणि बोलून खेळायचा रोलप्लेइंग गेम, आठ महिने झाले, जीएम म्हणजे गोष्ट चालवणारा मीच. खेळ चाललाय चांगला पण एक गोष्ट मनाला लागून राहिलीय म्हणून धागा काढला. गेल्या रविवारी मी काम दिलं की एका कंपनीच्या गोदामातून एक पेटी आणायची. चौघांनी चार तास बसून गार्ड मारले, पेटी आणली, फिक्सरला, म्हणजे काम देणाऱ्या दलालाला दिली, पैशे घेतले आणि सगळ्यात आधी काय केलं तर एकानं आपल्या पात्राला नवीन यांत्रिक हात बसवून घेतला. पेटीत काय होतं ते कुणीच विचारलं नाही. गोदाम कुणाचं, गार्ड कुठल्या गावचा, काहीच नाही. मी पेटीबद्दल तीन पानं लिहून ठेवलेलो, वही तशीच मिटली.

आमच्यातले दोघं 'सायबरपंक २०७७' हा व्हिडिओ गेम खेळून आलेत, दोघांनी 'एजरनर्स' ही त्याच दुनियेतली अ‍ॅनिमे मालिका बघितलीय. त्यामुळं निऑन, पाऊस, जपानी पाट्या, तलवार हे सगळं तोंडपाठ आहे. मला वाटतं आमच्या डोक्यात चित्रं भरपूर आहेत आणि गोष्टी कमी पडायल्यात. तर अशा कुठल्या कथा-कादंबऱ्या आहेत की ज्या वाचून टेबलावर बसलेला माणूस वेगळं खेळायला लागेल? इंग्लिश चालेल, मराठी असेल तर फारच बरं. नुसती यादी नको, त्यातलं टेबलावर काय येतं ते सांगा.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

भावा, आधी एक. चित्रात गोष्ट नाही असं नाही. एजरनर्सचा पहिलाच भाग परत बघायला सांग त्या दोघांना. पैसे भरले नाहीत म्हणून वॉशिंग मशीन मधेच बंद पडतंय, कपडे आत ओलेच. नंतर अ‍ॅक्सिडेंट होतोय, ॲम्ब्युलन्सवाले येतात, बघतात की ही बाई आपली गिऱ्हाईक नाही आणि तिला तिथंच टाकून जातात. सगळी गोष्ट तिथंच आहे, पण पोरांच्या लक्षात राहतंय ते पाठीच्या कण्यात बसवलेलं यंत्र.

वाचायचं म्हणशील तर थेट 'न्यूरोमॅन्सर'ला हात घालू नको, पोरं दहाव्या पानावर सोडतील. विल्यम गिब्सनच्या लघुकथांपासून सुरू कर. 'बर्निंग क्रोम' नावाची १९८२ ची कथा आहे, सायबरस्पेस हा शब्द पहिल्यांदा तिथंच आलाय. एका संध्याकाळी वाचून होते. दोन हॅकर, एक मोठी चोरी, म्हणजे तुमच्या रविवारसारखंच काम. पण त्यातली रिक्की नावाची पोरगी आहे, तिला सिनेमातल्या नट्यांसारखे महागडे डोळे पाहिजेत आणि त्या डोळ्यांचे पैसे जमवायला ती कुठं काम करत होती हे शेवटाकडं कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतो. चोरी यशस्वी होते की, पण आनंद कुणालाच होत नाही. तुझ्यातल्या ज्यानं हात विकत घेतला त्याला ही कथा वाचायला दे आणि काही बोलू नको.

आणि मग न्यूरोमॅन्सर, १९८४. त्यातला केस नावाचा हॅकर मालकाकडं चोरी करतो म्हणून मालक त्याच्या नसाच विषानं जाळतात, जिवंत सोडतात पण परत काम करता येणार नाही असं करून. पुढं नवीन मालक त्या नसा दुरुस्त करून देतो आणि त्याच वेळी शरीरात विषाच्या पिशव्या ठेवून देतो, काम वेळेत झालं नाही तर त्या विरघळणार. जीएमसाठी याच्यापेक्षा मोठा धडा कुठला? पगारसुद्धा शरीरातच आणि दंडसुद्धा शरीरातच.

शहापूरची_वाचनवेडी

दादा बरोबर सांगितलंत, पण आपल्या टेबलासाठी मी 'हार्डवायर्ड' वर ठेवीन. वॉल्टर जॉन विल्यम्स, १९८६. माइक पाँडस्मिथ यांनी या गेमची पहिली आवृत्ती १९८८ ला काढली तेव्हा त्यांच्या डोक्यात ही कादंबरी होती, न्यूरोमॅन्सर त्यांनी नंतर वाचली असं त्यांनीच सांगितलंय. पुढच्याच वर्षी याच कादंबरीवर गेमचं एक पुस्तकही निघालं. म्हणजे नोमॅड (गाड्या घेऊन फिरणारे भटके), सोलो (भाड्यानं लढणारे) ही जी पात्रं आपण निवडतो त्यांचं माहेर बऱ्यापैकी इथं आहे.

गोष्ट अशी की अंतराळात बसलेल्या कंपन्यांनी पृथ्वीला युद्धात हरवलंय, अमेरिकेचे तुकडे पडलेत, आणि काउबॉय नावाचा माणूस चिलखती गाडीतून चोरटा माल सीमेपलीकडं नेतो. त्याला वाटत असतं आपण स्वतंत्र, आपण कंपन्यांच्या नाकावर टिच्चून जगतोय. मग त्याला संशय यायला लागतो की मधला दलाल ज्यांचा माल देतोय त्या कंपन्याच आहेत. म्हणजे बंडसुद्धा त्यांच्याच हिशोबात धरलेलं. हे वाचून मी दोन दिवस गप्प होते.

आपण चेकनाक्याच्या दोन्ही बाजूला नातेवाईक असलेली माणसं, आपल्याला हे शिकवायला लागत नाही. निपाणीच्या पुढं गेलं की गाडीचा नंबर परका, इकडं आलं की तिकडचा परका. तुमच्या खेळात बॉर्डर आणा. गोदाम कुठंही असतंय हो, नाका मात्र आपलाच.

तिसरं_गेट

ताई, नाका! हे मला आठ महिन्यात सुचलं नाही. मी सगळं गेममधल्या नाइट सिटी या शहरातच ठेवलेलो.

निपाणीची_पोर

माझं एक आवडतं पुस्तक सांगते आणि मग त्यावरून आम्ही काय खेळलो ते. जॉर्ज अ‍ॅलेक एफिंजर यांचं 'व्हेन ग्रॅव्हिटी फेल्स'. यात न्यूयॉर्क नाही, टोकियो नाही, अरबी शहरातली बुदाईन नावाची वस्ती आहे, कॉफी, गल्ल्या, अजान, एकमेकांना लांबलचक आदरानं बोलायची पद्धत. याच्यावरही सायबरपंकचं पुस्तक निघालंय. त्यात लोक डोक्यात चिप लावतात, एक प्रकारची लावली की अख्खा स्वभाव बदलतो, दुसऱ्या प्रकारची लावली की एखादं ज्ञान येतं, समजा एखादी भाषा. चिप काढली की भाषा गेली.

भाषेची चिप! मी तिथंच पुस्तक मिटून बसले. आम्ही घरात मराठी, गल्लीत दोन्ही, बाजारात समोरचा बोलेल ती, ऑफिसातला अर्ज कन्नडमधे आणि तो भरून देणारा पोरगा दहा रुपये घेतो. ही आपली रोजची गोष्ट आहे. तर मी आमच्या ग्रुपात एक सीन चालवला. साल २०७०, आपलंच गाव, सरकारी खिडकीवर फक्त चिपची भाषा चालते आणि चिप भाड्यानं मिळते, तासावर. एक म्हातारी रांगेत उभी आहे, तिनं दोन तासाची घेतलीय, रांग हललीच नाही. खिडकीशी पोचते, नाव सांगते, गाव सांगते, जमिनीचा सर्व्हे नंबर सांगायला लागते आणि नंबर अर्धा असताना वेळ संपतो. तिच्या तोंडातून आवाजच येत नाही, आकडा डोक्यात आहे पण शब्द नाही. खिडकीतला माणूस पुढच्याला बोलावतो.

आमच्यातला सोलो खेळणारा पोरगा नेहमी बंदूक काढतो. त्या दिवशी त्यानं विचारलं, माझ्या चिपचे पंधरा मिनिट शिल्लक आहेत, तिला देता येतील काय?

अजून एक. चिपची भाषा पुस्तकी असते, कन्नड पण पुस्तकी आणि मराठी पण पुस्तकी. आपलं बोलणं तिला कळत नाही. 'अण्णा, तिकडं होगब्याड, हुबे हाईत बघ' (तिकडं जाऊ नको, उभे आहेत) हे कंपनीच्या कुठल्याच कान लावून बसलेल्या मशीनला उलगडत नाही. आमच्या टेबलावर सीमाभागातली म्हातारी माणसं निरोप पोचवायचं सगळ्यात महाग काम करतात. ज्या बोलीला दोन्हीकडचे शुद्ध नाही म्हणतात, तीच कुलूप झाली.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

निपाणीच्या ताई, हे मी ढापणार. परवानगी असू द्या.

निपाणीची_पोर

घ्या की, गोष्ट वाटल्यानं वाढते.

खानापूरकर

कंपनीबद्दल सगळे बोलायलेत, पाण्याबद्दल कोणच नाही म्हणून लिहितोय. इयन मॅक्डोनाल्ड यांची 'रिव्हर ऑफ गॉड्स', २००४ ची. साल २०४७, स्वातंत्र्याला शंभर वर्षं, भारताचे तुकडे होऊन वेगवेगळे देश झालेत, पाऊस येईना झालाय, आणि गंगेच्या धरणावरून त्यातले 'भारत' आणि 'अवध' नावाचे दोन देश भांडायलेत. वाराणसीत कायद्याबाहेर गेलेल्या एआयना शोधून मारणारे पोलीस आहेत, त्यांना कृष्णा कॉप म्हणतात. टीव्हीवर मालिका लागते त्यातले नट एआय, आणि लोकांना त्या नटांच्या खाजगी भानगडीत पण रस. बाहेरच्या माणसानं लिहिलंय म्हणून कुठं कुठं आपल्याला खटकतं, मलाही खटकलं, पण पाण्याचं जे लिहिलंय ते खरं लिहिलंय.

मी कणकुंबीच्या बाजूचा आहे. कळसा नाला आमच्याकडं. म्हादईचं पाणी कुणी किती घ्यायचं यावर कर्नाटक आणि गोवा किती वर्षं भांडायलेत, लवादाचा निकाल २०१८ ला आला तरी मिटलं नाही. लहानपणी नाल्यात पाय सोडून बसायचो तो नाला मोठेपणी पेपरात नकाशा होऊन येतो, हे बघितलेल्या माणसाला सायबरपंक वेगळं सांगायला लागत नाही. बेळगावला राकसकोपचं पाणी दोन दिवसांनी लांबलं की गल्लीत बायका काय बोलतात ते ऐका आणि तेच एनपीसीच्या, म्हणजे जीएम चालवतो त्या पात्रांच्या तोंडात घाला. खेळात टँकरवाला हा फिक्सर ठेवा. एवढंच करा, बघा टेबल कसं बदलतंय.

पुण्यातला_बेळगावकर

बेंगळूरवाली कुणी सांगितली नाही अजून. लावण्या लक्ष्मीनारायण, 'अ‍ॅनालॉग/व्हर्च्युअल', २०२०. बाहेरच्या देशात 'द टेन पर्सेंट थीफ' नावानं निघाली. आपल्याच राज्याची राजधानी, पण आता तिचं नाव अपेक्स सिटी आणि कारभार एका कॉर्पोरेशनकडं. माणसांची वर्गवारी बेल कर्व्हवर, वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा. खालच्या दहात घसरलात की सगळं तंत्रज्ञान काढून घेऊन शहराच्या पडद्यापलीकडं पाठवणार.

मी आयटीत आहे, आमच्याकडं वर्षाच्या शेवटी असाच कर्व्ह लावतात. आमच्या टीममधला एक चांगला मुलगा, रात्री दोनला फोन उचलणारा, कुणीतरी खाली बसवायलाच पाहिजे म्हणून खाली बसला. त्या दिवशी त्यानं डेस्कवरचं तुळशीचं रोप उचललं आणि लिफ्टमधे दोन्ही हातानं धरून उभा राहिला, बॅज आधीच बंद झाला होता त्यामुळं खालचं गेट उघडायला मला जावं लागलं. कॉर्पोरेट पात्र खेळणाऱ्याला ही कादंबरी द्या. त्याला कळेल की वरच्या मजल्यावरच्या माणसालाही भीती असते आणि तीच भीती त्याला क्रूर करते.

शहापूरची_वाचनवेडी

गेट उघडायचं निघालं म्हणून आठवलं, फिलिप के. डिक यांच्या 'युबिक'मधे, १९६९, सायबरपंक नाव पडायच्या कितीतरी आधी, घराचं दार नाणं टाकल्याशिवाय उघडत नाही आणि खिशात नाणं नसलेला माणूस आपल्याच दाराशी वाद घालतो. स्वतःच्या घराच्या दाराशी. एवढंसं आहे पण विसरता येत नाही.

तिसरं_गेट

मराठीत काय आहे का हो कुणाला माहिती? नारळीकर शाळेत वाचलेत पण त्यात रस्ता नाही, प्रयोगशाळा आहे.

मारुती_गल्ली_जुना_वाचक

मी तुमचा खेळ खेळत नाही, माझा नातू खेळतो. त्यानं मला बसवून नियम समजावले, मग त्याच्याकडची दोन पुस्तकं मी वाचली, म्हणून लिहायचं धाडस करतो.

बाळ, नारळीकरांना असं बाजूला सारू नकोस. पहिली कथा स्पर्धेला पाठवताना त्यांनी स्वतःचं नाव लपवलं, नारायण विनायक जगताप असं आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं, का तर नावावर बक्षीस नको. तुमच्या खेळातल्या टोपणनावांपेक्षा हे मला मोठं वाटतं. पण तुझा प्रश्न रस्त्याचा आहे, तर रस्ता मराठीत दुसरीकडं आहे. विज्ञानकथेच्या कपाटात शोधशील तर मिळणार नाही.

भाऊ पाध्ये यांचं 'वासूनाका' वाच, १९६५ चं. नाक्यावरची पोरं, त्यांची भाषा, कामधंदा नाही, पुढं काही दिसत नाही. तुमची गँग हीच. बाबुराव बागूलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. ओळख लपवून शहरात राहणाऱ्या माणसाच्या मानेवर सतत जी टांगती तलवार असते ती त्यात आहे, आणि तुमचा तो खोटं ओळखपत्र घेऊन हिंडणारा हॅकर, नेटरनर, म्हणजे काय हे त्यावाचून कळायचं नाही. अण्णाभाऊंचा 'फकिरा' तर अख्खा तुमच्या कामासारखा, दुष्काळात माणसं मरायला लागली म्हणून खजिना लुटणारी टोळी. फरक एवढाच की फकिराला लुटीचं काय करायचं ते लुटीच्या आधी माहीत असतं. तुमच्या पोरांना विचार, पेटीचे पैसे कुणाच्या पोटात जाणार? आणि गंमत वाटेल पण चोरीची आखणी शिकायला बाबुराव अर्नाळकरांचा झुंझार अजून चांगला आहे, आम्ही दिवसाला एक संपवायचो.

अजून एक योग सांगतो. नातवानं मला 'ब्लेड रनर' दाखवला, १९८२ चा. त्याच १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार. गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर उभे राहिले, आणि चाळीत राहिलेल्या माणसांच्या अंगावर त्या टॉवरची सावली पडायला लागली. आपल्याकडची कितीतरी माणसं त्या गिरण्यांत होती, परत आली. जयंत पवारांचं 'अधांतर' नाटक त्या घरांतलंच आहे. उंच इमारत आणि खालचा अंधार याचं आपलं मराठी चित्र ते, त्याला पाऊस आणि निऑन लावायची गरज नाही.

आणि शेवटचं, हे तुला विचित्र वाटेल. प्रकाश नारायण संतांचा लंपन वाच. 'वनवास', 'शारदा संगीत'. त्यात यंत्र नाही, बंदूक नाही. पण आपलं हे गाव, इथली कानडी मिसळलेली भाषा, रेल्वेचे रूळ, शाळा, एका पोराच्या डोळ्यानं इतकं जवळून दाखवलंय की पन्नास वर्षांनी उद्ध्वस्त झालेलं बेळगाव रंगवायचं असेल तर आधी कुठलं बेळगाव होतं ते कळायला पाहिजे. जे गमावलं ते माहीत नसेल तर गमावल्याचं दुःख पात्राला कुठून येणार?

निपाणीची_पोर

काका, तुमची पोस्ट मी आईला वाचून दाखवली. आमची आज्जी विड्या वळायची. हजारावर मजुरी. ठेकेदार सुपातल्या विड्या बघायचा आणि काही 'छाट' म्हणून बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत, पण छाट विड्या परत पण मिळायच्या नाहीत, तोच ठेवून घ्यायचा. आज्जी म्हणायची, वाईट आहेत तर मला दे की माघारी. मी पुढच्या खेळात हेच आणणार, डोळ्यात चिप घालून घरी बसून फोटो तपासायचं काम करणाऱ्या बायका, हजारावर मजुरी, आणि मशीन ठरवणार छाट कुठली. ऐंशीच्या दशकातल्या त्या सगळ्या लेखकांच्या आधी, १९८१ ला, आमच्या निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर ठाण मांडून बसले होते आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. तो हायवे अजून तोच आहे, मी रोज त्याच्यावरून कॉलेजला गेले.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

सगळं वाचायलोय, मधे एक खरी घडलेली सांगतो कारण गोष्टीचं वजन किती असतं ते कळतं. १ मार्च १९९० ला अमेरिकेत ऑस्टिनमधे स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीवर सीक्रेट सर्व्हिसनं धाड घातली, कॉम्प्युटर उचलून नेले, आणि त्यात 'गर्प्स सायबरपंक' या रोलप्लेइंग पुस्तकाचं हस्तलिखित पण गेलं. त्यांचं म्हणणं की हे गुन्हा कसा करावा याचं पुस्तक आहे. फासे टाकून खेळायच्या खेळाचं पुस्तक! लोकांनी आठवणीवरून, जुन्या मसुद्यांवरून परत उभं केलं आणि त्याच वर्षी छापलं. खटला कंपनी १९९३ ला जिंकली. ब्रूस स्टर्लिंग हा मूळचा सायबरपंक कादंबरीकार, त्यानं कादंबरी बाजूला ठेवून यावर 'द हॅकर क्रॅकडाउन' लिहिलं. कथा लिहिणाऱ्याला खरंच उठून बघायला जावं लागलं. नेटरनर खेळणाऱ्याला हे द्यायचंच.

तिसरं_गेट

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, हिशोब द्यायला.

पोरांना मी तीनच गोष्टी दिल्या. हात घेतलेल्याला बर्निंग क्रोम, नेटरनरला बागूल, आणि सगळ्यांना मिळून लंपनची एक कथा मोठ्यानं वाचून दाखवली, खेळाच्या आधी, चहा होईपर्यंत. मग मी नाइट सिटी बंद केली आणि सांगितलं, साल २०६३, उद्यमबाग, रात्रीची पाळी सुटलीय.

एक मोल्डर तुमच्या दाराशी येतो. त्याचा उजवा हात फौंड्रीनं दिलेला, भाड्याचा, तापलेल्या लोखंडाजवळ काम करता यावं म्हणून. दोन हप्ते थकले म्हणून घरी जाताना वाटेतच हात लॉक झालाय, मूठ मिटलेली. मुठीत घराची किल्ली आहे. बायको-पोरं बाहेर ओट्यावर बसलीत, रात्रीचे साडेबारा. काम एवढंच, मूठ उघडायची.

साडेतीन तास खेळलो, एक गोळी उडाली नाही. दार फोडू या म्हणाले तर मी सांगितलं दार पण हप्त्यावरच आहे, फोडलं की अलार्म. वाचनवेडी ताई, हे तुमच्या युबिकवरून. मग वडगावात एका बंद मागाच्या शेडमधे त्याला नेलं, मागावर हात ठेवला, वरच्या दिव्याला झाकायला जुनी साडी बांधली. टेक (यंत्रं दुरुस्त करणारं पात्र) खेळणारा पोरगा सगळ्यात गप्प असतो, तो एकेक स्क्रू विचारून काढायला लागला. डीव्ही, म्हणजे ओलांडायचा आकडा, १७ होता. त्याचे टेक आणि सायबरटेकचे गुण मिळून १०, म्हणजे फाशावर किमान ८ पाहिजे. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. आठच पडला. मी म्हणालो, पहिलं बोट सुटलं, करंगळी. बाकीच्या चार बोटांना अजून वेळ लागणार आणि झाकण उघडल्याबरोबर हातानं आपला ठावठिकाणा कंपनीला पाठवायला सुरुवात केलीय. शोधत आलेल्या कंपनीच्या माणसांच्या चिपना आम्हाला सावध करणाऱ्या रिक्षावाल्याचं बोलणं कळलं नाही, निपाणीच्या ताई, मी ते तुमचंच वाक्य जसंच्या तसं वापरलं, आणि ज्याला कळलं तो आमच्यातला गोकाकचा पोरगा, तो उठून उभाच राहिला.

किल्ली मिळाली. फिक्सर नव्हता त्यामुळं पैसे पण नव्हते, मोल्डरनं कागदात बांधलेला कुंदा दिला, मी खरा कुंदा आणून ठेवलेलो तो टेबलावर ठेवला.

मग सगळे आवराआवर करायलेत आणि ज्यानं मागच्या वेळी हात विकत घेतलेला तो आपली कॅरेक्टर शीट हातात धरून बसलेला. म्हणतो, त्या हातावर नंबर होता का? मी म्हणालो होता. म्हणतो, माझ्या हातावर पण असणार की. तो कुणाच्या नावावर आहे?

वही परत उघडलीय. या रविवारी तिथूनच सुरू.